काकवीत मुरलेली हेराल्ड

दाजी गेल्याचा फोन ताईनंच केला. मी बारामतीच्या घरी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "नंदे, ये. हे उठत न्हाईत," एवढंच ती म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पळत येऊ नको. आता घाईचं काही राहिलं न्हाई." पिंपळी आमच्या घरापासून रिक्षानं जाण्याइतकी जवळ. मी पोचले तेव्हा दाजी कुशीवर झोपावं तसे कॉटवर होते. चेहरा शांत, आणि उजव्या हाताच्या नखांत काळं ग्रीस. आदल्या संध्याकाळी साबणानं घासघासून हात धुतले होते म्हणे, पण ते काही निघालं नव्हतं. पुढं अंघोळ घालायच्या वेळी कुणीतरी नखं साफ करायला ब्रश मागितला, तेव्हा ताई म्हणाली, "राहू द्या ते. ते त्यांचंच हाय."

दिवसभर माणसं येत राहिली. कुणाची म्हैस त्यांनी वाचवली होती, कुणाच्या गाईचं अडलेलं वासरू सोडवलं होतं. माणसं आत जाऊन पाया पडायची आणि बाहेर आली की अंगणाच्या कडेच्या शेडकडं वळायची. तिथं ती उभी होती... पिस्ता रंगाची, दोन दारांची, कपाळावर आठ्या नसलेल्या माणसासारखी दिसणारी जुनी हेराल्ड मोटार. तिच्याभोवती उभं राहून लोक दाजींच्या गोष्टी सांगत होते आणि सांगता सांगता हळूच हसत होते. आमच्या एका वयस्कर नातेवाइकांना ते आवडलं नाही. ताईला आवडलं असावं. तिनं त्या लोकांना शेडमध्येच चहा पाठवला.

आता महिना होऊन गेला. रडून झालंय असं नाही, पण दाजींची आठवण काढायला बसलं की पहिल्यांदा हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही. म्हणून जसं आठवतंय तसं लिहिते.

ताईचं लग्न आमच्या गावी, वडगाव निंबाळकरला झालं. नवरा मुलगा इंदापूरचा, वसंतराव नावाचा, नुकताच गुरांचा डॉक्टर झालेला. वरातीसाठी शेळगावच्या एका बागाईतदारांनी आपली गाडी दिली होती. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्या काळात आमच्या भागात मोटार दिसणं हीच बातमी होती, आणि ही तर साहेबाच्या देशातल्या नमुन्याची हेराल्ड. तात्या स्वतः चालवायला बसले, शेजारी त्यांचे एक मित्र, मागं नवरानवरी आणि पाठराखीण म्हणून मी. शेळगावच्या अलीकडं गाडीच्या नाकातून वाफ निघायला लागली आणि ती उभी राहिली. तात्या उतरले, त्यांनी बॉनेट उचललं, तर मडगार्ड, दिवे, सगळं नाकाड एकदम पुढं उलटं झालं आणि आतलं इंजिन उघडं पडलं. ताई घाबरून म्हणाली, "मोडली वाटतं." दाजी मात्र फेटा मांडीवर काढून ठेवून खाली उतरले आणि सरळ पुढच्या चाकावर बसून आत डोकावायला लागले. त्या गाडीत तसं बसता येतं, चाकावर बसून इंजिनाशी बोलता येतं. नव्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद तेव्हा होता, तो त्याआधी मांडवात काही मी पाहिला नव्हता.

गाडी सुरू झाली नाही. शालू कमरेला खोचून ताईनंही तिला ढकललं. शेवटी दुधाच्या ट्रकमध्ये कॅनच्या मधोमध बसून आमची वरात इंदापूरला पोचली. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळताना नाक वर करून वास घेतला आणि सुनेला आत घेतलं. हा प्रसंग ताईनं पुढं आयुष्यभर सांगितला, आणि सांगताना दोष प्रत्येक वेळी गाडीला दिला, नवऱ्याला कधी नाही.

दाजींची सगळी नोकरी इंदापूर तालुक्यातच गेली. मोटारसायकल, मागं बॅग, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि गोठ्यात शिरताना जनावराशी बोलायची सवय. निवृत्तीनंतर त्यांनी पिंपळीला छोटं घर बांधलं. त्यांची मुलगी मेघा नाशिकला, आणि मी बारामतीत, मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, यजमानांच्या मागं एकटी. माझ्या जवळ राहायचं म्हणून पिंपळी निवडली, असं ताई म्हणायची. दाजी म्हणायचे, "मेहुणीच्या हातची पुरणपोळी गरम असताना पोचली पाहिजे, म्हणून." निवृत्तीनंतरही लोक बोलवायचे आणि ते जायचे. मग हात थरथरायला लागला. आधी उजवा, मग दोन्ही. बारामतीच्या डॉक्टरांनी कंपवात आहे असं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. एकदा जवळच्याच एका गोठ्यात वासराला सुई टोचताना सुई इतकी हलली की वासराच्या मालकानं, अगदी आदरानं, त्यांचं मनगट धरलं. घरी येऊन दाजींनी बॅग माळ्यावर ठेवली. त्यानंतरचे काही महिने ते पेपर वाचत बसायचे... तोच पेपर, संध्याकाळपर्यंत. ताई मला म्हणाली होती, "नंदे, माणूस घरात हाय पण घरात न्हाई."

अशात शेळगावहून तात्यांच्या घरच्या वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. तात्या आता पिकलं पान, पण आवाज तसाच खणखणीत. जेवणं झाल्यावर दाजी पाय मोकळे करायला मागच्या परड्याकडं गेले आणि बराच वेळ आले नाहीत, म्हणून आम्ही बघायला गेलो. कोंबड्यांच्या छपराखाली ते वाकून उभे होते. आत ती गाडी होती. काचा धुरकट, टायर बसलेले, मागच्या सीटवर पेंढा, आणि पेंढ्यावर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"तात्या, ही तीच का हो?"

"तीच की. तुमची वरात दुधात घालणारी."

"मला देता का?"

तात्यांनी दाजींच्या हातांकडं पाहिलं. ते हात तेव्हाही हलत होते. पण तात्यांनी त्यावर काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. ते म्हणाले, "न्ह्या की, डॉक्टर. पर आधी माज्या कोंबड्यांची सोय करा. त्यास्नी दुसरं घर दिल्याबिगर गाडी हलायची न्हाय."

दाजींनी पुढच्याच आठवड्यात शेळगावला जाऊन सुताराकडून कोंबड्यांचं खुराडं करून घेतलं, अंड्यावरची कोंबडी उठेपर्यंत वाट पाहिली, आणि मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गाडी पिंपळीला आणली. ताई दारात उभी होती. "ही बया माझ्या अंगणात नको," ती म्हणाली. "हिनं मला नव्या नवरीला रस्त्यात उभी केली." दाजी म्हणाले, "म्हणूनच आणली. आता ती तुझ्या अंगणात उभी राहील." ताई आत निघून गेली, पण जाताना तिनं तोंडाला पदर लावला होता, आणि तो रागानं लावलेला नव्हता हे मला माहीत आहे.

मग सुरू झाला तो उद्योग. दाजींना मोटारीतलं फारसं काही कळत नव्हतं, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. त्यांना कळत होती जनावरं, म्हणून ते गाडीलाही जनावरासारखंच तपासायचे. स्टेथोस्कोप माळ्यावरून खाली आला. गुरांना औषध पाजायची मोठी सिरिंज आली, तिच्यात रॉकेल भरून ते नळ्या धुवायचे. "हिची जीभ कोरडी पडलीय," असं ते ब्रेकच्या कुठल्याशा भागाबद्दल म्हणायचे. इंजिनाचं पोट मात्र त्यांनी बारामतीतल्या इस्माईलभाई नावाच्या जुन्या मेकॅनिककडून उघडून घेतलं. इस्माईलभाई आणि दाजी एका वयाचे. दोघं इंजिनाच्या दोन बाजूंना बसून तासन्‌तास बोलायचे, त्यात गाडीपेक्षा गुडघेदुखीच जास्त असायची.

बाकी गंजलेले भाग घरीच साफ करायचे असं ठरलं होतं. बंपर, कड्या, बिजागऱ्या, नटबोल्टांचा ढीग. कुणीतरी दाजींना सांगितलं की काकवीत पाणी घालून गंजकं लोखंड बुडवून ठेवलं की गंज आपोआप सुटतो. ऊस पिकवणाऱ्या मुलखात काकवीला काय तोटा. गुऱ्हाळावरून डबे आले, अंगणात पिंप आलं, त्यात हेराल्डचं अर्धं अंग बुडालं. आठवड्याभरात ते मिश्रण आंबलं. वास असा सुटला की टपाल देणारा माणूस फाटकाबाहेरूनच पत्रं टाकायला लागला. मुंगळ्यांच्या रांगा लागल्या, गांधीलमाश्या आल्या. ताईनं मला फोनवर सांगितलं, "तुझ्या दाजींनी दारू गाळायला काढलीय."

आणि मग शेजाऱ्यांची म्हैस सुटली. तिनं येऊन पिंपाला तोंड लावलं आणि बरंच पाणी पिऊन टाकलं. मी योगायोगानं तिथंच होते. म्हैस आधी अंगणात शांत उभी राहिली. मग तिचे पुढचे पाय मागच्या पायांचं ऐकेनासे झाले. मग ती तुळशीवृंदावनाला टेकून उभी राहिली आणि डोळे अर्धे मिटून तिनं एक लांब, समाधानी हंबरडा फोडला. शेजारी धावत आले, "डॉक्टर, काय झालं हो हिला?" दाजींच्या गळ्यात स्टेथोस्कोप होताच, इंजिनासाठी घातलेला. त्यांनी तो म्हशीच्या पोटाला लावला, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, पाणी मागवलं, पाय पसरून तिच्याशेजारी बसले आणि तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. त्या म्हशीच्या मानेवर तो हात खरंच हलत नव्हता, की म्हशीचंच अंग हलत होतं म्हणून त्याचं हलणं कळत नव्हतं, सांगता येणार नाही. पण कितीतरी महिन्यांनी दाजी पुन्हा डॉक्टर होऊन बसले होते. संध्याकाळी म्हैस उठून आपल्या पायांनी घरी गेली. "दूध कसं देते ते उद्या सांगा," दाजी शेजाऱ्यांना म्हणाले, "पण पोरांना देऊ नका." ताई ओट्यावर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि दाजींनी उठून तिच्या पाठीवर थापट्या मारल्या.

पिंपातले भाग काही आठवड्यांनी बाहेर काढले तेव्हा मात्र आम्ही सगळे बघायला पुढं वाकलो. गंज गेला होता. खालून स्वच्छ, राखाडी, नवं लोखंड निघालं होतं. ताईनं एक बिजागरी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि पदर खांद्यावरून पुढं ओढून त्यानं ती पुसली. त्या दिवसापासून तिनं गाडीला 'ही बया' म्हणायचं सोडलं.

पण खरी अडचण पुढं आली. कार्बोरेटर खोलला, त्यातले पितळेचे बारीक तुकडे साफ झाले, आणि ते परत बसवायची वेळ आली. त्यात जेट नावाचा एक स्क्रूसारखा दाणा असतो, हरभऱ्याच्या डाळीएवढा, मधून केसासारखं भोक. दाजींनी तो चिमटीत धरला आणि भोकाकडं नेला. हात हलला. पुन्हा नेला. पुन्हा हलला. बराच वेळ ते खटपट करत होते. मी शेजारी मशीन मांडून सीटची कव्हरं शिवत होते, मान वर करायचं धाडस होईना. मग तो जेट त्यांच्या हातून उडाला आणि अंगणातल्या मातीत कुठंतरी गेला. दाजी गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. मीही शोधलं. सापडला नाही. दाजी उठले, पायरीवर जाऊन बसले आणि हात मांडीखाली दाबून धरले, ते हलताना दिसू नयेत म्हणून. "राहू दे, नंदा," ते म्हणाले. "इस्माईलभाईंना म्हणावं, घेऊन जा सगळं. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

ताई आतून गव्हाची चाळण घेऊन आली. अंगणात बसून तिनं ओंजळीनं माती चाळणीत घेतली आणि चाळायला लागली. ऊन सरकत तिच्या पाठीवर आलं, तरी ती एकेक हात पुढं सरकत होती. बऱ्याच वेळानं चाळणीत टिकटिक असा आवाज झाला. तिनं जेट उचलला, पदरानं पुसला, फुंकर मारून भोकातून आकाशाकडं पाहिलं, आणि उलट्या बॉनेटपाशी जाऊन पुढच्या चाकावर बसली.

"कुठं बसवायचाय?" तिनं विचारलं.

दाजी पायरीवरून उठले नाहीत. ती पुन्हा म्हणाली, "अहो, कुठं बसवायचाय सांगा. हात माझे हायेत, डोकं तुमचं चालवा."

दाजी उठले. तिच्या खांद्यामागं उभं राहून त्यांनी सांगितलं आणि तिनं बसवला. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेला, वाल सोललेला तो हात, त्याला त्यात काही अवघड वाटलं नाही. मी मशीनवर मान खाली घातली, कारण मला रडायला येत होतं आणि त्या दोघांना ते दाखवायचं नव्हतं.

त्यानंतर गाडीचं सगळं काम तसंच झालं. दाजी सांगायचे, ताई करायची, आणि दोघं भांडायची. "उजवीकडं फिरव." "माझ्या उजवीकडं की तुमच्या?" "बोल्टच्या उजवीकडं." "बोल्टाला उजवं असतंय व्हय?" दाजी बॅटरी धरून उभे राहायचे, तर उजेड थरथरायचा. ताई म्हणायची, "नीट धरा की." दाजी म्हणायचे, "तो हलणारच. तू हलत्या उजेडात बघायला शीक." आणि ती शिकली. रंगावरून वाद झाला, तेव्हा शेळगावहून तात्या म्हणाले गाडी पांढरी होती, तात्यांच्या मालकीणबाई म्हणाल्या हिरवी. शेवटी ताईनंच दाराच्या आतल्या कोपऱ्यात घासून घासून खालचा थर काढला, तो पिस्ता निघाला. मालकीणबाईंना फोन करून कळवलं तर त्या म्हणाल्या, "मी सांगतच हुते. ह्यांला रंग कळत न्हाय."

ज्या दिवशी गाडी सुरू झाली त्या दिवशी इस्माईलभाई, मी आणि ते दोघं, एवढेच होतो. आधी खोकली, मग धूर सोडला, मग चालू झाली आणि चालूच राहिली. दाजींनी स्टेथोस्कोप इंजिनाला लावला, डोळे मिटून ऐकलं, आणि मग तो काढून ताईच्या कानात घातला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या लग्नात पाहिलं नव्हतं, मेघाच्या बारशातही नाही.

पण चालवणार कोण? दाजींना डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, आणि त्यांनी ती मानली. पंधरा दिवस गाडी अंगणात नुसती गुरगुरत राहिली. मग एके सकाळी ताई माझ्याकडं बारामतीला आली आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर. मला मोटार शिकायचीय, एकटीला लाज वाटते." ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मागं कॉलेजच्या मुली, पुढं चष्मा लावून माझी साठी ओलांडलेली ताई, आणि सोबत म्हणून मी. त्या मुली तिला आजी म्हणायच्या आणि ती त्यांना क्लच कधी सोडायचा ते सांगायची. लायसन्स मिळालं त्या दिवशी दाजींनी पिंपळीत पेढे वाटले, मुलगी झाल्यावर वाटले नव्हते इतके.

पहिली फेरी अर्थातच इंदापूरची. ताई चालवायला, दाजी शेजारी, मी मागं माझ्याच हातच्या सीटवर. वाटेत शेळगावला थांबलो. तात्यांना दोघांनी धरून बाहेर आणलं. त्यांनी गाडीवरून हात फिरवला, स्टीअरिंगवर बसलेल्या ताईकडं बघितलं आणि म्हणाले, "आता कुणाची वरात म्हणायची ही?" दाजी म्हणाले, "आमचीच. राहिली होती." इंदापुरात पोचल्यावर दाजींच्या भावजयीनं भाकरतुकडा ओवाळला, थट्टेनंच, पण ताई गाडीतून उतरली तेव्हा तिनं डोक्यावर पदर घेतला होता.

त्यानंतर काही वर्षं ती दोघं त्या गाडीतून सगळीकडं फिरली. बाजारात, लग्नांना, नुसतीच कालव्याच्या कडेनं. दाजींचे पाय जड झाले, बोलणं हळू झालं, पण गाडी सुटायची नाही. लोक आपापल्या घरातले जुने मोडके भाग दाखवायला यायचे, कुणाचा स्कूटरचा दिवा, कुणाच्या जीपचा हॉर्न. दाजी खुर्चीत बसून बघायचे, ताई हातात पाना घेऊन उभी असायची. मी शेवटची भेटले त्या रविवारी दाजींनी मला विचारलं होतं, "नंदा, मागची सीट जरा सैल झालीय, आवळून देशील का?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. ते म्हणाले, "चालेल की. गाडी कुठं पळून चाललीय..."

परवा मी ताईकडं राहायला गेले होते. दुपारी तिला शोधत शेडमध्ये गेले. दाजींची खुर्ची आपल्या जागी होती, खिळ्याला त्यांचा टॉवेल होता. ताईनं ते काहीच हलवलेलं नाही. तिनं बॉनेट उघडून ठेवलं होतं आणि ती कुठलीशी नळी पुसत होती. दाजींचा मोबाईल तिनं अजून बंद केलेला नाही, रोज चार्ज करून तिथंच फळीवर ठेवते. तो वाजला. तिनं हात पुसून उचलला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"डॉक्टर हायेत का? मी वडगावहून बोलतोय. आमच्या आजोबांची जुनी जीप हाय, गोठ्यात पडलीय. त्यास्नी एकदा दावायची हुती."

ताईनं फोन जरा जवळ घेतला. मग म्हणाली, "डॉक्टर गेले, बाबा. महिना झाला."

पलीकडून माणूस गडबडला. "माफ करा, काकी. मला ठाऊक न्हवतं. ठेवतो."

"ठेवू नको," ताई म्हणाली. "उघड्यावर हाय की छपराखाली?"

"छपराखाली हाय."

"बरं हाय मग. कशाला हात लावू नको, खोलू नको, पाणी मारू नको. आमी उद्या येतो बघायला."

फोन ठेवून तिनं नळी पुन्हा हातात घेतली आणि दाजींच्या खुर्चीकडं न बघता मला म्हणाली, "नंदे, ती बॅटरी घे आणि हितं उजेड धर." आमी म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. मी बॅटरी घेतली आणि तिच्या खांद्यामागं उभी राहिले.